'आर्क्टिक कोर्सेअर'ची 1:48 प्रतिकृती: अंग देखणं, जाळ्याची मांडणी चुकलेली

'आर्क्टिक कोर्सेअर' हा इंग्लंडमधल्या हल बंदराचा साइड ट्रॉलर, म्हणजे बाजूने जाळं टाकून ते ओढत मासे धरणारी बोट. 1960 साली बेव्हर्लीला बांधलेला, सुमारे 57 मीटर लांब, 1999 साली संग्रहालय म्हणून खुला झालेला. त्याची मागणीवरून हाताने बनवून मिळणारी ही प्रतिकृती 119 सेंटीमीटर भरते.

अंगाचं काम सुरेख आहे. उंच नाळ, तिच्यावरचं कासवपाठी छत आणि पाठीमागची गोलाई, सगळं ओळीत. रंगाचा थर पातळ असल्याने पत्र्यांचे सांधे बुजलेले नाहीत.

पण ट्रॉलरचं मॉडेल जोखायचं ते जाळ्यावरून. विंचवरून (तार गुंडाळणाऱ्या यंत्रावरून) निघालेली तार बोटाने थेट जाळ्यापर्यंत धरत जाता आली पाहिजे. इथे ती मध्येच तुटते. साइड ट्रॉलर जाळं एकाच कुशीवरून टाकतो, म्हणून पुढची आणि मागची कमान (तार बाहेर सोडणारी लोखंडी चौकट) वापरायची ती त्याच बाजूची, आणि जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या दोन्ही फळ्याही तिथेच. इथे मागची फळी डाव्या कमानीला टांगली आहे आणि पुढची उजव्या. खऱ्या बोटीवर असं केलं तर जाळं बुडाखालून जाऊन पंख्यात अडकेल. विंचच्या तारा डेकवरच्या उभ्या रुळांना वळसा घालून कमानीकडे जायला हव्यात. इथे त्या सरळ ओढल्या आहेत, त्यामुळे विंचच्या ढोलावर तार नीट बसणारच नाही. ओढताना दोन्ही तारा पाठीमागे एकत्र धरणारा टोइंग ब्लॉक तर नाहीच.

मापंही तपासा. अशा बोटीची फळी 10 ते 11 फुटांची, म्हणजे मॉडेलवर 64 ते 70 मिमी. इथली 45 मिमी आहे. एवढ्याशा फळ्यांनी कॉड माशाच्या जाळ्याचं तोंड उघडं राहत नाही. खोल्याची (जाळ्याच्या शेवटच्या पिशवीची) आस, म्हणजे जाळ्याचं भोक, 120 मिमी धरली तर मॉडेलवर 2.5 मिमी हवी. लावलेलं जाळीचं कापड 1 मिमीचं, म्हणजे खरी आस 48 मिमी. आर्क्टिकमध्ये कॉड धरायला असलं जाळं कोणी नेत नव्हतं. तारेला 0.5 मिमीचा दोरा बरोबर आहे.

मागणी नोंदवताना फळ्या, रूळ आणि टोइंग ब्लॉक यांचं रेखाटन आधी मागा. जाळं डेकवर घेतलेलं दाखवणार असाल, तर टोइंग ब्लॉक रिकामा ठेवायला सांगा. दोर पॉलिएस्टरचे घ्या. सुती दोर मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ओढ बदलतात आणि बारीक डोलकाठ्या वाकवतात.

काचपेटीचा तळ एमडीएफचा किंवा ओकचा नको. बंद पेटीत त्यांतून सुटणाऱ्या आम्ल वाफेने शिशाचे ओतीव भाग पांढरी भुकटी होऊन झडतात. विंच, बोलार्ड (दोर बांधायचे खुंटे) आणि नांगर कशाचे ओतले आहेत हे विचारून घ्या. शिशाऐवजी पितळ किंवा रेझिन मागा, आणि पेटीला हवा खेळायला जाळी लावलेली भोकं ठेवून घ्या.