गूगल सर्च कन्सोल: नाशिकच्या वेबसाइटवाल्यांनी स्वतःच्या नावावर ठेवावं असं साधन

एसइओवाल्याकडून (वेबसाइट गूगलच्या शोधात वर आणण्याचं काम करणाऱ्याकडून) महिनाअखेरीस जी रंगीत पीडीएफ येते, तिच्यातले कामाचे आकडे बहुतेक वेळा गूगल सर्च कन्सोलमधूनच घेतलेले असतात. गूगलच्या शोधात आपली साइट कुठल्या शब्दांसाठी, कितव्या स्थानावर दिसते आणि तिथून किती क्लिक येतात, हे दाखवणारं हे साधन फुकट आहे. येवल्यातलं पैठणीचं दुकान असो, गंगापूर रोडचा होमस्टे असो की सातपूर एमआयडीसीतला कारखाना, वेबसाइट असेल तर आधी हे जोडावं आणि मगच जाहिरातीला पैसे काढावेत.

जोडताना दोन पर्याय येतात, त्यातला 'डोमेन' निवडा. त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला पत्ता, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, सगळं एकत्र मोजलं जातं. गूगल एक टीएक्सटी रेकॉर्ड (मालकी पटवणारी मजकुराची ओळ) देतं, ते डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं याच्या नोंदींत, टाकायचं. इथे दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला म्हणजे होस्टच्या रकान्यात नुसतं ॲटचं चिन्ह हवं असताना पूर्ण डोमेन लिहिलं जातं, मग काही पॅनेलमध्ये डोमेन दोनदा लागून रेकॉर्ड भलत्याच नावावर बसतं. दुसरा जास्त छळतो: डोमेन एका कंपनीकडून घेतलेलं, नेमसर्व्हर (या नोंदी सांभाळणारे सर्व्हर) मात्र होस्टिंगवाल्याकडे, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे तिथे, वळवलेले. अशा वेळी डोमेनच्या पॅनेलमध्ये कितीही रेकॉर्ड टाकली तरी उपयोग नाही, ती होस्टिंगच्या पॅनेलमध्ये टाकावी लागतात. पडताळणी झाली म्हणून रेकॉर्ड पुसू नका. गूगल अधूनमधून पुन्हा तपासतं आणि ते सापडलं नाही तर मालकी जाते.

जोडायला उशीर करू नये याचं कारण साधं आहे. आकडे साधारण जोडल्यापासूनच जमा होतात आणि 16 महिनेच राहतात. सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला आहे. पंचवटीतल्या लॉजला त्या दिवसांची तुलना ऑगस्ट 2026 शी करायची असेल, तर त्याआधी साइट जोडलेली हवी. मागचे आकडे नंतर मिळवता येत नाहीत.

खरी किंमत 'परफॉर्मन्स' या अहवालाची. क्लिक, इम्प्रेशन (शोधात किती वेळा दिसलात), सीटीआर (त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं) आणि सरासरी स्थान, असे चार आकडे असतात. वर चारही डब्यांवर टिचकी मारून ते चालू करा, कारण सुरुवातीला दोनच दिसतात. मग 'क्वेरीज'मध्ये (लोकांनी शोधलेल्या शब्दांत) रेजेक्स फिल्टर, म्हणजे एका शब्दाची अनेक रूपं एकदम पकडणारी चाळणी, लावा. नाशिकसाठी तो लागतोच: रोमन लिपीत लोक शहराचं नाव एच घालूनही लिहितात आणि एच न घालताही, शिवाय देवनागरीत 'नाशिक' आणि 'नासिक' आहेतच. चारही रूपं उभ्या रेघेने जोडून टाकली की गावाच्या नावासकट झालेले शोध एका जागी दिसतात. सरासरी स्थान 8 ते 15 च्या दरम्यान आणि इम्प्रेशन भरपूर, अशा ओळी आधी उचला. गूगलने ती पानं लायक मानली आहेत, थोडा जोर हवा आहे. समजा, स्थान 4, इम्प्रेशन 2,000 आणि क्लिक फक्त 10 असतील, तर पान वर आहे पण शीर्षक गिऱ्हाइकाला बोलावत नाही. 'होम' किंवा नुसतं दुकानाचं नाव असलेलं शीर्षक बदलून 'येवला पैठणी, हातमागाची, किमतीसह' असं करा आणि चार आठवड्यांनी तोच शोध पुन्हा पाहा.

सरासरी स्थानाने मात्र घाबरून जाऊ नका. साइट नव्या शोधांसाठी चाळिसाव्या स्थानावर दिसू लागली की सरासरी घसरते, प्रत्यक्षात जुनं काहीच हललेलं नसतं. म्हणून स्थान नेहमी एकेका शोधाचं पाहावं.

'इंडेक्सिंग'खालच्या 'पेजेस' अहवालात 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' (गूगलने वाचली, पण शोधाच्या यादीत घेतली नाहीत) अशा पानांची लांबलचक यादी दिसली तर दोष सहसा मजकुराचा असतो. पेस्ट कंट्रोल, पॅकर्स, आरओ दुरुस्ती अशा सेवांच्या साइटवर इंदिरानगर, सिडको, पंचवटी, नाशिकरोड अशी वीस पानं असतात आणि भागाचं नाव सोडून शब्दही बदललेला नसतो. गूगलच्या स्पॅम धोरणात ही 'डोअरवे' पानं, म्हणजे फक्त शोधातून लोक ओढायला केलेली जवळपास एकसारखी पानं, ठरतात. 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' पुनःपुन्हा दाबून ती आत जात नाहीत. दोन-तीनच पानं ठेवा आणि त्यांत त्या भागातल्या कामाचे फोटो, दर, किती वेळात पोचता हे लिहा. 'एक्सक्लूडेड बाय नोइंडेक्स' (पान यादीत घेऊ नका अशी सूचना साइटवरच आहे) दिसलं तर वर्डप्रेसच्या 'रीडिंग' सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना रोखणारी खूण तपासा. साइट बनवताना ती ठेवलेली असते आणि चालू करताना काढायची राहून जाते.

आता उणिवा. सर्वांत मोठी ही की देशाचा फिल्टर आहे, शहराचा नाही. कॉलेज रोडच्या दुकानाला क्लिक नाशिकचे की पुण्याचे, हे इथे कळत नाही. नकाशावरून आलेले कॉल आणि रस्ता विचारणारे लोक गूगल बिझनेस प्रोफाइलमध्येच (नकाशावरच्या दुकानाच्या नोंदीत) पाहावे लागतात. तिथल्या वेबसाइटच्या दुव्याला यूटीएम (क्लिक कुठून आला हे सांगणारी, पत्त्याच्या शेवटी लावायची खूण) जोडलं तर कन्सोलमध्ये नकाशावरचे क्लिक बरेचसे वेगळे काढता येतात. क्वेरीज एका वेळी 1,000 च दिसतात आणि फार थोड्यांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवलेले असतात, त्यामुळे ओळींची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. 'कोअर वेब व्हायटल्स' (पानांचा वेग आणि स्थिरता यांचा अहवाल) छोट्या साइटसाठी बहुधा रिकामंच राहतं, कारण पुरेसे पाहुणेच नसतात. तेव्हा गूगलचंच पेजस्पीड इनसाइट्स हे वेग तपासणारं साधन वापरा. पैठणीचे 4–5 एमबीचे फोटो 1,200 पिक्सेल रुंदीचे वेबपी (फोटोचा हलका फाइल-प्रकार) करून 200 केबीच्या आत आणा, आणि पहिल्याच मोठ्या फोटोला लेझी लोड (फोटो उशिरा, खाली सरकल्यावर उघडण्याची सोय) लावू नका. मुख्य मजकूर 2.5 सेकंदांत दिसायला हवा.

एजन्सी ठेवायचीच असेल तर 'सेटिंग्ज'मधल्या 'यूझर्स अँड परमिशन्स'मधून तिला 'फुल यूझर' करा, 'ओनर' करू नका. फुल यूझरला सगळे अहवाल दिसतात, पण तो दुसऱ्या कुणाला जोडू किंवा काढू शकत नाही. साइट एजन्सीच्याच ईमेलवर जोडलेली असेल तर आपल्या ईमेलने टीएक्सटी रेकॉर्ड टाकून स्वतः मालक व्हा, त्यासाठी तिची परवानगी लागत नाही आणि जुने आकडेही दिसू लागतात. काम थांबवल्यावर यादीतून तिचं नाव काढा आणि डीएनएसमधली, थीमच्या हेडरमधली तिची जुनी पडताळणीची खूणही पुसा. ती खूण राहिली तर एजन्सी पुन्हा मालक होऊ शकते.