लिंक खरी, लॉगिन खरं, पैसे मात्र गेले

बडोद्यातल्या एका पतसंस्थेच्या सभासदांना, त्यात दांडिया बाजार-रावपुऱ्यातले निवृत्त काका-काकू बरेच, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: केवायसी अपडेट करा, नाहीतर खातं बंद. लिंकमध्ये संस्थेचाच पत्ता, स्पेलिंग बिनचूक, शेजारी कुलूप. जे तपासायला आपण सगळ्यांना सांगतो, ते त्यांनी तपासलं होतं! लॉगिनही खऱ्याच सर्व्हरवर झालं.

घोळ पत्त्याच्या शेपटात होता. प्रश्नचिन्हानंतर 'नेक्स्ट=' आणि पुढे टक्क्यांच्या खुणांत दडवलेली परकी साइट. लॉगिन होताच सर्व्हरने 302 (म्हणजे 'दुसऱ्या पत्त्यावर जा' असा रीडायरेक्टचा निरोप) देऊन ब्राउझरला तिकडे धाडलं. तिथे हुबेहूब तेच पान: "पासवर्ड चुकला, पुन्हा टाका." बोट चुकलं असेल असं वाटून माणूस पुन्हा टाकतो, मागोमाग ओटीपीही देतो. चोर तो लगेच खऱ्या साइटवर वापरतो.

साइटवर तपासणी नव्हती असं नाही. 'नेक्स्ट='मधला पत्ता / ने सुरू झाला की आपलाच, असं धरलं होतं. पण // ने सुरू होणारा पत्ताही त्यातून सुटतो, आणि ब्राउझर त्याला दुसरी साइट समजतो. /\ चंही तेच. ब्राउझर उलटा स्लॅश सुलटा करून वाचतो. 'आपलं डोमेन त्यात आहे ना' एवढंच बघणं तर अगदीच कुचकामी: चोर ते नाव स्वतःच्या डोमेनला सबडोमेन म्हणून लावतो, नाहीतर @ च्या आधी लिहितो.

डेव्हलपर मंडळींनो, पुढचं पान सर्व्हरच्या सेशनमध्ये ठेवा. पत्ता घ्यावाच लागला तर यूआरएल पार्सरने पूर्ण करून स्कीम आणि होस्ट तंतोतंत जुळवा. लॉगआउटनंतरचा रीडायरेक्टही विसरू नका. ओऑथमध्ये (एका साइटच्या खात्याने दुसरीकडे लॉगिन करायची पद्धत) तर पासवर्ड न विचारताच कोड किंवा टोकन, म्हणजे खात्यात शिरायची किल्लीच, बाहेर जाऊ शकतं. म्हणून ओऑथच्या सुरक्षेवरच्या 2025 च्या आरएफसी 9700 या तांत्रिक दस्तऐवजाने रीडायरेक्ट यूआरआय अक्षरशः जुळवायला सांगितलंय.

बाकी सगळ्यांनी: लॉगिननंतर पुन्हा पासवर्ड मागितला तर हात थांबवा, वरचा पत्ता नव्याने वाचा. टाकून बसलात तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला, आणि पासवर्ड लगेच बदला. यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक), रक्कम, वेळ जवळ ठेवा. मूळ मेसेज डिलीट करू नका. छिद्र कुठे आहे ते त्याच लिंकवरून सापडतं.