ठाकुरद्वारचं जुनं मेडिकल: दुपारी जा, संध्याकाळी नको

चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच.

आमच्या घरात शुगरचे दोन पेशंट, सासूबाई आणि हे. घरपोच देणारं ॲप जास्त सवलत देतं, तरी मी दहा टक्क्यांवर समाधान मानून या मेडिकलमध्ये जाते, ते काउंटरवरच्या फार्मसिस्ट ताईसाठी. स्ट्रिप पुढे सरकवून मोकळी होणाऱ्यांतली ती नाही.

आषाढीच्या आधी सासूबाईंची ग्लिमेपिराइड आणायला गेले, तर हिचा पहिला प्रश्न, "काकू, आजी उपास धरतात का?" धरतात तर! वरी-आमटी, तीसुद्धा देवपूजा आटोपल्यावर दुपारी. ताई म्हणाली, ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो की नसो. सकाळी गोळी आणि दुपारपर्यंत उपाशी, म्हणजे शुगर उतरून घाम, थरथर, चक्कर. त्या दिवशीच्या डोसचं डॉक्टरांना आधी विचारा.

आणि सासूबाईंना पहिल्या घासाबरोबर व्होग्लिबोजही असते. (पोटात गॅस धरतो तो हिच्यामुळेच, उगाच चवळीला बोल लावत होतो आम्ही.) ही गोळी आतड्यात साखर फोडण्याचं काम मंदावते. म्हणून शुगर उतरली तर साखर किंवा बिस्किट तोंडात कोंबून लवकर गुण येत नाही, ग्लुकोजच लागतं. ताईने ग्लुकोज पावडरचे दोन डबे उलटे करून त्यांच्यामागची बारीक अक्षरं दाखवली. चवीच्या डब्यात सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर. मला तिने साधा डबा दिला, तोही स्वस्तातला.

ह्यांचं निराळंच. मेटफॉर्मिन एसआर (औषध हळूहळू सोडणारी गोळी) सुरू झाली आणि एक दिवस संडासात अख्खी गोळी दिसली! "पैसे पाण्यात," म्हणत हे स्वतः दुकानात. ताई शांतपणे म्हणाली, ते नुसतं कवच असतं, औषध आत जिरलेलं असतं. पण म्हणून गोळी कुटून वा चावून घेऊ नका. बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या, असंही सांगितलं.

ह्यांची दुसरी गोळी एम्पाग्लिफ्लोझिन. ती साखर लघवीवाटे बाहेर काढते, त्यामुळे लघवीच्या रिपोर्टात साखर दिसणारच. खालची जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवायची, नाहीतर बुरशीची खाज सुटते. उलट्या-जुलाब लागले तर डॉक्टरांना फोन. मार्च २०२५ मध्ये तिचं पेटंट संपल्यावर बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या, तेही ताईनेच सांगितलं. महाग स्ट्रिप खपवायची सोडून कोण सांगतं हो असं?

आता कापलेला स्टार. ताई पाचला सुटते. मग मालकांचे चिरंजीव काउंटरवर, एक कान मोबाइलला. त्यांनी मला साध्या ग्लिमेपिराइडऐवजी नावापुढे 'एम' असलेली स्ट्रिप दिली. एम म्हणजे आत मेटफॉर्मिनही. सासूबाईंची किडनी नाजूक, त्यांना ती डॉक्टरांनी मुद्दाम बंद केलेली. मी तिथेच परत केली, तर म्हणे, "सेमच आहे, आंटी."

रविवारी दुकान अर्धा दिवस, आणि ताईची सुट्टी.