चाळीस दिवसांनी मरणारा राउटर

इंदूरमधल्या ज्या मराठी संस्था, शाळा, दवाखाने आणि छोट्या कचेऱ्या यांचं नेटवर्क एकाच बाहेरच्या माणसाच्या हातात आहे आणि राउटरचा पासवर्डही फक्त त्याच्याचकडे आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या पतसंस्थेत जो प्रकार घडला तो दुसऱ्या कुणाकडे आजही चालू असण्याची दाट शक्यता आहे. असं का म्हणतो ते पुढे येईलच.

आमचं मुख्य कार्यालय लोकमान्य नगरात, दुसरी शाखा सुदामा नगरात. सभासद म्हणजे निवृत्त शिक्षक, बँकवाले, घरून पोळीभाजीचे डबे देणाऱ्या बायका, छोटे दुकानदार. मी संस्थेचा मानद सचिव. २०२१ मध्ये आम्ही दोन्ही शाखा एका सॉफ्टवेअरवर आणल्या. त्यासाठी इंटरनेटवरून दोन शाखांमध्ये व्हीपीएनचा बोगदा, म्हणजे दोन्ही कार्यालयं जोडणारा खाजगी, सुरक्षित मार्ग, हवा होता. ते काम ज्याला दिलं तो माणूस परका नव्हता. गणेशोत्सवात साउंडचं बघणारा, कार्यक्रमांत पुढे होऊन खुर्च्या लावणारा, सगळ्यांना ‘काका’, ‘मावशी’ म्हणणारा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण पोलिसांकडे आहे.

त्याने दोन्हीकडे सिस्कोचे १९४१ राउटर बसवले आणि ‘एकदम लेटेस्ट मॉडेल’ म्हणून बिल दिलं. पुढे कळलं की कंपनीने या मॉडेलची विक्री डिसेंबर २०१७ मध्येच थांबवली होती आणि २०२२ च्या अखेरीस त्याचा सपोर्टही संपला. म्हणजे आम्ही पैसे मोजले तेव्हा हे मॉडेल बाजारातून जाऊन काही वर्षं उलटली होती. जुनं यंत्र वापरू नये असं माझं म्हणणं नाही. जुनं म्हणून, जुन्याच्या किमतीत विकलं असतं तर तक्रार नव्हती.

सुरुवातीचे काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग अधूनमधून इंटरनेट मरायला लागलं. लक्षण दर वेळी तेच. कार्यालयातले संगणक एकमेकांना दिसायचे, प्रिंटर चालायचा, राउटरचे दिवे हिरवे, पण बाहेरचं काहीच उघडायचं नाही आणि सुदामा नगर शाखा पूर्ण तुटायची. राउटर बंद करून चालू केला तरी फरक नाही. इंटरनेट कंपनीचा माणूस यायचा, आमची वायर काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावायचा आणि दाखवायचा की लाइन ठीक आहे. खरंच ठीक असायची.

मग ‘आपल्या’ माणसाला फोन. तो यायचा, फिकट निळी कन्सोल केबल राउटरला लावायचा, लॅपटॉप स्वतःकडे वळवून पाच-सात मिनिटं काहीतरी टाइप करायचा आणि सगळं सुरू. कारण दर वेळी नवीन. ‘काका, पोर्ट हँग झाला होता.’ ‘काका, आयपी कॉन्फ्लिक्ट होता.’ ‘काका, स्विचमध्ये लूप बसला होता, म्हणून राउटर गुदमरला.’ भेटीचे अडीच हजार. वार्षिक देखभालीचा करार वेगळा, आणि त्यात ‘इमर्जन्सी व्हिजिट’ धरलेली नाही हे त्यानेच छापून आणलेलं होतं.

पैशांपेक्षा मला जास्त छळतो तो एक दिवस. आमच्या एक सभासद, एकट्या राहणाऱ्या वयस्कर बाई, ठेव मोडून मुलाच्या ऑपरेशनसाठी रक्कम हॉस्पिटलच्या खात्यात पाठवायला आल्या होत्या. नेट बंद. त्या दुपारभर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. हा गृहस्थ संध्याकाळी आला. ते बंद पडणं अपघात नव्हतं, हे आता माहीत असल्यामुळे तो दिवस डोक्यातून जात नाही.

मधल्या काळात त्याने स्विचही बदलायला लावला. ‘सगळ्याचं मूळ हाच आहे, काका.’ जुना चोवीस पोर्टचा स्विच पंधराशे रुपयांत भंगार म्हणून घेऊन गेला आणि अडतीस हजारांचा ‘सीलबंद’ स्विच बसवला. वर सांगून गेला की याचं सॉफ्टवेअर कधीही अपडेट करू नका. नंतर पाहिलं तर डब्यावरच्या स्टिकरचा सिरियल नंबर आणि स्विच स्वतः ‘शो इन्व्हेंटरी’ या आज्ञेला सांगतो तो नंबर वेगळे निघाले. ‘अपडेट करू नका’चं कारणही मग लक्षात आलं. २०२० मध्ये एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने बनावट सिस्को २९६०-एक्स स्विच उघडून तपासले होते. ते बनावट आहेत हे उघडकीला आलं तेच मुळी सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर ते बंद पडले म्हणून. आमचा स्विच पूर्ण बनावट आहे की जुना रंगवून दिलेला, याचा निकाल तपासातून लागेल. पण डब्यावरचा आणि पोटातला नंबर जुळत नसेल तर तो माल परत करायचा, एवढं कुणालाही करता येतं.

सगळं उघड झालं ते माझ्या भाचीमुळे. ती पुण्यात नेटवर्क ऑपरेशन्समध्ये आहे. गणपतीला इंदूरला आली आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं. तिने एका संगणकावरून ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवला. उत्तर आलं ते आमच्याच राउटरकडून, १९२.१६८.१.१ कडून: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल, म्हणजे तिथे पोचता येत नाही. ती म्हणाली, ‘मामा, हे नीट बघा. उत्तर आलंच नसतं तर पॅकेट बाहेर कुठेतरी हरवलं असं म्हणता आलं असतं. इथे राउटर स्वतः सांगतोय की पुढे जायचा रस्ता मला माहीत नाही.’ लाइन चालू, पोर्टचा दिवा चालू, आणि तरीही रस्ता माहीत नाही. याचा अर्थ तो रस्ता कॉन्फिगरेशनमधूनच गेलेला.

पासवर्ड आमच्याकडे नव्हता. मागितला की ‘सिक्युरिटीसाठी देत नाही, काका, कुणी चुकून काही दाबलं तर?’ हे उत्तर ठरलेलं. पण राउटर संस्थेचा, बिल संस्थेच्या नावाचं. कार्यकारिणीच्या दोन सभासदांना समोर बसवून, मोबाइलवर चित्रीकरण करत तिने पासवर्ड रिकव्हरी केली. राउटर चालू होताना कन्सोलवरून ब्रेक दिला की तो रॉममॉनमध्ये, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअर चढण्याआधीच्या दुरुस्तीच्या पायरीवर, थांबतो. तिथे कॉन्फिग-रजिस्टर (राउटरने कसं सुरू व्हावं हे ठरवणारा आकडा) २१०२ चं २१४२ करायचं आणि पुन्हा सुरू करायचं. राउटर जतन केलेलं कॉन्फिगरेशन बाजूला ठेवून कोरा उठतो, पण ते पुसलं जात नाही आणि आता वाचता येतं. (त्याने ‘नो सर्व्हिस पासवर्ड-रिकव्हरी’ ही आज्ञा दिलेली असती तर असं करताना सगळं पुसलं गेलं असतं आणि पुरावाही गेला असता. ती दिलेली नव्हती, हे आमचं नशीब.) काम झाल्यावर रजिस्टर पुन्हा २१०२ करून जतन करायचं, नाहीतर पुढच्या वेळी राउटर कोराच उठेल. आणि जुनं कॉन्फिगरेशन परत चढवल्यावर इंटरफेस ‘नो शटडाउन’ देऊन हाताने चालू करावे लागतात.

त्या कॉन्फिगरेशनच्या तळाशी ‘इव्हेंट मॅनेजर ॲप्लेट’ (ठरल्या वेळी राउटरने आपोआप करायच्या कामांची यादी) असं लिहून त्याला ‘बॅकअप-चेक’ असं साधं नाव दिलेलं होतं. खाली टायमर: ३४,५६,००० सेकंद. म्हणजे बरोबर चाळीस दिवस. त्याखाली त्या टायमरने करायची कामं ओळीने लिहिलेली. कॉन्फिगरेशनमध्ये जा. डिफॉल्ट राउट, म्हणजे बाहेर जायचा तो एकमेव रस्ता, काढून टाक. बाहेर ये. राइट मेमरी. बॅकअपचं त्यात काहीही नव्हतं.

ती शेवटची ‘राइट मेमरी’, म्हणजे झालेला बदल कायमचा जतन करण्याची आज्ञा, वाचून माझे हात गार पडले. ती नसती तर राउटर बंद-चालू केल्यावर रस्ता आपोआप परत आला असता आणि त्याला बोलवायची गरजच पडली नसती. ते जतन करायला लावलं, ते आम्ही स्वतः दुरुस्त करू नये म्हणूनच. तारखांचा मेळ का बसत नव्हता तेही कळलं. वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की टायमर नव्याने मोजायला लागायचा, त्यामुळे कधी चाळीस दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. लॉग ठेवणं त्याने बंद करून टाकलं होतं, म्हणून मागचं काही दिसत नव्हतं. शिवाय टेलनेट, म्हणजे दुरून राउटरमध्ये शिरायची जुनी सोय, बाहेरच्या इंटरनेटला सरळ उघडं होतं, कुठल्या पत्त्यावरून यावं याचं बंधन नाही. सर्वाधिकार असलेला एक जादा युजरही तयार करून ठेवलेला. सभासदांच्या ठेवींचा हिशेब ज्या जाळ्यावर आहे त्याचं दार रस्त्यावर उघडत होतं, आणि टेलनेटमध्ये पासवर्डसुद्धा उघड्या अक्षरांत जातो.

भाचीने आधी सगळं जसंच्या तसं फाइलमध्ये उतरवून घेतलं, मग कार्यकारिणीपुढे करून दाखवलं. लॉग सुरू केला आणि तोच टायमर दोन मिनिटांवर आणला. दोन मिनिटांनी नेट गेलं. ‘शो आयपी राउट’ने सांगितलं: गेटवे ऑफ लास्ट रिसॉर्ट इज नॉट सेट, म्हणजे बाहेर जायचा रस्ताच नाही. आणि लॉगमध्ये ओळ उमटली की कॉन्फिगरेशन बदललं गेलं, कुणी, तर ईईएम (तोच इव्हेंट मॅनेजर), बॅकअप-चेक. आमचे अध्यक्ष आयुष्यभर हिशेब तपासनीस होते. ते फक्त एवढंच म्हणाले, ‘हे तर व्हाउचर सापडल्यासारखं झालं.’

त्याला बोलावलं. कागद समोर ठेवला. तो आधी हसला आणि म्हणाला, ‘काका, ते बॅकअपचं आहे. मी सगळ्यांकडेच टाकतो.’ हे वाक्य तिथे बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. हा मजकूर मी त्या वाक्यासाठी लिहितोय. ‘सगळ्यांकडेच’ म्हणजे कुणाकुणाकडे, हे त्याने सांगितलं नाही.

आम्ही लेखी तक्रार दिली आहे. ज्यांना हा मार्ग धरावा लागेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुसऱ्याच्या संगणक जाळ्यात परवानगीशिवाय बिघाड घडवणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम ६६ लागू होतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फसवणुकीसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. कॉन्फिगरेशनची फाइल पुरावा म्हणून चालायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा आणि एक अक्षर बदललं तरी बदलणारा ठसा, लिहावा लागतो. म्हणून फाइल उतरवली की त्याच क्षणी एसएचए-२५६ हॅश काढून दोघांच्या सह्या घ्या. रागाच्या भरात आधी राउटर रिसेट करू नका, पुरावा तिथेच संपतो.

आता तुमच्याकडे बघायचं कसं. सिस्को असेल तर ‘शो इव्हेंट मॅनेजर पॉलिसी रजिस्टर्ड’ ही एक आज्ञा द्या, आणि ‘शो रनिंग-कॉन्फिग’मध्ये ‘इव्हेंट मॅनेजर’ आणि ‘क्रॉन’ (इंग्रजीत kron, ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) हे शब्द शोधा. सापडले म्हणजे लगेच चोर सापडला असं नव्हे. दोन इंटरनेट लाइन असतील आणि एक पडली तर दुसरीवर जायला प्रामाणिक माणसंही हीच सोय वापरतात. ॲप्लेट काय करतं ते वाचा, नावावर जाऊ नका. मायक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर विनबॉक्स या तिच्या प्रोग्राममध्ये सिस्टिमखाली शेड्यूलर आणि स्क्रिप्ट्स उघडा. त्यात पासवर्ड विसरल्यावर रिसेट केलं की कॉन्फिगरेशन पुसलंच जातं, सिस्कोसारखं मागून वाचता येत नाही, म्हणून तिथे पासवर्ड मिळवल्याशिवाय पुढे जाऊच नका. आणि नेट गेलेलं असताना, कुणालाही बोलावण्याआधी, बाहेरच्या पत्त्याला पिंग करून ‘अनरीचेबल’ कोण म्हणतंय तो आयपी कागदावर लिहून ठेवा. त्याला पासवर्ड लागत नाही.

पासवर्ड द्यायला खळखळ करणाऱ्याला शेवटचा हप्ता देऊ नका. पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांच्या कपाटात, कॉन्फिगरेशनची प्रत पेनड्राइव्हवर, आणि दर भेटीनंतर नवी प्रत. जुन्या आणि नव्या प्रतीत काय बदललं ते महाविद्यालयात संगणक शिकणारं कुठलंही पोर शेजारी शेजारी ठेवून सांगेल. इंदूरमध्ये अशी मुलं घरोघरी आहेत.

ज्यांच्या राउटरमध्ये ‘बॅकअप-चेक’ नावाचं ॲप्लेट निघेल त्यांनी ते पुसू नये. आधी प्रत काढावी, हॅश घ्यावा आणि आमच्या लोकमान्य नगर कार्यालयात कामाच्या वेळेत यावं. आमच्या तक्रारीची प्रत तुम्हाला मिळेल आणि तुमचा कागद तिला जोडता येईल.