६० टक्क्यांवर अडकलेला लॅपटॉप आणि माझे ५,८५० रुपये

इंदूरच्या मंडळींनो, लॅपटॉप चार्ज होत नाही म्हणून जेलरोडला निघाला असाल तर पाच मिनिटं थांबा. माझे ५,८५० रुपये गेलेत. नव्या बॅटरीचे ३,४००, 'चार्जिंग आयसी'चे (चार्जिंग सांभाळणारी चिप) २,१०० आणि मजुरी ३५०. बॅटरी बदललीच नव्हती.

लॅपटॉप लेनोव्होचा, तीन वर्षांचा. बॅटरी ६० वर येऊन थांबायची. सॉकेट बदललं, रात्रभर लावून ठेवला, तरी ६०च. रोज अगदी त्याच आकड्यावर. खरोखर बिघाड असता तर आकडा इकडे-तिकडे झाला असता, एवढं मला सुचायला हवं होतं. पण त्या दिवशी ९ तारीख होती, ११ला जीएसटीआर-१ची, म्हणजे जीएसटीच्या विक्री विवरणाची मुदत, आणि आठ दुकानांचे हिशेब त्याच लॅपटॉपमध्ये. अशा वेळी माणूस दुकानदाराच्या तोंडाकडेच बघतो.

काउंटरवरच्या पोराने अडॅप्टर जोडला, स्क्रीन स्वतःकडे वळवली, चार-दोन क्लिक केले. स्क्रीन परत माझ्याकडे आली तेव्हा कोपऱ्यात ६१ दिसत होतं. मी म्हणालोसुद्धा, "भैया, ये तो चार्ज हो रहा है." तो म्हणाला, "अंकलजी, वो मैंने जंप दिया है, घर पहुँचते ही बंद हो जाएगा." आणि मी मान डोलावली! तिथेच लॅपटॉप काखेत मारून उठायचं होतं. तो ६१ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. बॅटरी मेलेली असेल तर ती ६१ होईल कशी? पण समोरचा इतक्या ठामपणे बोलत होता की मला माझाच प्रश्न अडाणी वाटला.

संध्याकाळी फोन आला, आयसी उडालाय, बॅटरीही गेली. ३,००० आगाऊ यूपीआयने दिले, उरलेले २,८५० दुसऱ्या दिवशी रोख. बिल मागितलं तर कच्ची चिठ्ठी. जुनी बॅटरी मागितली तर "कबाड में गई". बदललेला भाग हातात दिल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि मागचं झाकण तुमच्यासमोरच उघडायला लावा.

दिवाळीत भाचा आला. त्याने कमांड प्रॉम्प्टमधून विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला. मूळ क्षमता ४५,००० मिलीवॅट-तास, आताची ३३,२१०, सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून भरली तो आकडा, ३८६. नवी बॅटरी असती तर क्षमता एकदम वर गेली असती आणि सायकल शून्याजवळ दिसली असती. रिपोर्टमध्ये जुन्या तारखांचेही आकडे असतात. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर तीच हळूहळू उतरती रांग. मग त्याने लेनोव्होच्या ॲपमधला कॉन्झर्व्हेशन मोड दाखवला. लॅपटॉप सतत प्लगला असेल तर बॅटरी लवकर म्हातारी होऊ नये म्हणून तो मॉडेलप्रमाणे साधारण ६० किंवा ८० वर चार्जिंग थांबवतो. पोराने तेवढंच बटण बंद केलं होतं. दुसऱ्या कंपन्यांतही अशी सोय असते, नाव वेगळं. तेव्हा आकडा ठरावीक जागी अडकत असेल तर आधी सेटिंग बघा. मग अडॅप्टर त्याच लॅपटॉपचा, तेवढ्याच वॅटचा आहे ना, ते.

रिपोर्ट घेऊन दुकानात गेलो तर मालक म्हणतो, "आपने ही वापस बदलवा ली होगी." पंधरा गिऱ्हाइकांसमोर. चौकीत गेलो, "ये लेन-देन का मामला है, उपभोक्ता आयोग जाइए." ग्राहक हेल्पलाइनवर तीनदा फोन. पहिल्यांदा बिल मागितलं, दुसऱ्यांदा जीएसटी नंबर, तिसऱ्यांदा कळलं की तक्रार बंद झाली, 'निराकरण समाधानकारक'! कोणाचं समाधान? मला कोणी विचारलंसुद्धा नाही. ठगाकडे बिल नसतं म्हणूनच तो ठग, आणि सरकार म्हणतं आधी त्याचं बिल आणा. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पावत्या तपासतोय, माझी एक पावती मला मिळवता आली नाही.

दुरुस्तीला देण्यापूर्वी बॅटरी रिपोर्ट काढून ठेवा, बॅटरीच्या सिरियल नंबरचा फोटो घ्या, पैसे रोख देऊ नका. माझे ३,००० यूपीआयवर दिसतात, २,८५० चा पुरावा कुठेच नाही.

५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते. परवा मी ती केली. यूपीआयची नोंद, कच्ची चिठ्ठी आणि बॅटरी रिपोर्टची सगळी पानं जोडली आहेत, आणि ५,८५० पूर्ण मागितले आहेत.