उंच वाढणाऱ्या गुलाबांसाठी लांब दांड्यांची कात्री : दोन छाटण्यांनंतरचे मत

आमच्या परसात ‘क्वीन एलिझाबेथ’ गुलाबाची तीन झुडपे आहेत. १९५४ साली बाजारात आलेली ही जात मुळातच उंच जाणारी. पावसाळा संपेपर्यंत तिची फुले डोक्याच्याही वर जातात आणि खाली नुसत्या उघड्या, जून काड्या उरतात.

अनेक वर्षे मी साध्या सिकेटरनेच, म्हणजे एका हाताने चालवायच्या छोट्या कात्रीनेच, छाटणी करत असे. काट्यांमधून हात बुंध्यापर्यंत जात नाही आणि अंगठ्याएवढी जाड फांदी त्या कात्रीने तुटत नाही, म्हणून काप नेहमी शेंड्याकडेच बसे. शेंडा काढला की त्याखालचे दोन-तीन डोळे (फांदीवरचे अंकुर) जोमाने फुटतात. म्हणजे झुडूप बुटके होण्याऐवजी वरच्या वर फांद्यांचा झुबका तयार होतो आणि खालचा भाग अधिकच बोडका होतो.

पुण्यातील शेती अवजारांच्या एका दुकानातून साडेबाराशे रुपयांना घेतलेल्या, सुमारे ६० सेंटिमीटर दांड्यांच्या या बायपास कात्रीने माझी ही अडचण दूर केली. तिची दोन पाती एकमेकांना घासून जातात, त्यामुळे काप स्वच्छ येतो. सपाट ऐरणीवर पाते दाबणाऱ्या कात्रीने गुलाबाची फांदी चेंगरते आणि तिथूनच ती वाळत खाली येते, हे मी पूर्वी अनुभवले आहे. आता ऑक्टोबरच्या छाटणीत सर्वांत जुन्या फांद्या मी थेट बुंध्याशी कापतो, चार-पाच जोमदार फांद्या गुडघ्याच्या जरा वर ठेवतो आणि जाड कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावतो. पहिल्या वर्षी एवढी खोल छाटणी करताना मन धजत नव्हते, पण साधारण सात आठवड्यांनी फुले छातीच्या उंचीवर आली आणि त्याहून आनंदाची गोष्ट म्हणजे, कलमाचा डोळा भरलेल्या जागेच्या वरून, म्हणजे खालच्या खुंटातून नव्हे तर मूळ जातीचेच, तीन नवे, लालसर धुमारे निघाले.

उणिवाही सांगायला हव्यात. कात्री जड आहे. वीसेक कापांनंतर मनगट भरून येते. मधला नट प्रत्येक झुडपानंतर सैल होतो आणि तो तसाच राहिला तर पात्यांमध्ये फट पडून साल सोलली जाते, म्हणून पाना जवळ ठेवावाच लागतो. बाहेरच्या दिशेच्या डोळ्यावर अर्धा सेंटिमीटर सोडून तिरका काप घ्यायचा असेल, तर हे लांब पाते तितके नेमके बसत नाही. त्या कामासाठी मी अजूनही सिकेटरच वापरतो.

कुंडीतल्या मिनिएचर गुलाबांसाठी ही कात्री घेऊ नये. जमिनीत लावलेली, चार-पाच वर्षांची आणि आवाक्याबाहेर गेलेली झुडपे असतील, तर मात्र ती ऑक्टोबरच्या आधी घरात असावी.