नागपुरात आईचं जुनं सोनं विकताना मी कशी फसले, नक्की वाचा

परवा मावशीचा फोन आला, म्हणे अगं तू आईच्या पाटल्या जिथं मोडल्या त्याच दुकानात मी बोरमाळ घेऊन जाऊ का, माणूस बोलायला फार चांगला आहे म्हणतात. माझ्या पोटात धस्स झालं. कारण मी घरात कोणालाच धड सांगितलं नव्हतं, आपण शिकलेले, शाळेत गणित शिकवतो आणि असे कसे फसलो ही लाज वाटत होती. पण मी गप्प बसले म्हणून मावशी तिथंच चालली होती, म्हणून आता सगळं लिहितेय. दुकानाचं नाव लिहीत नाही, पोलिसांकडे अर्ज दिलाय न वकिलांनी नाव कुठंच घेऊ नका म्हणून सांगितलंय.

आई गेल्यावर मी आणि लहान भाऊ, दोघांनी लॉकरमधलं वाटून घेतलं. १९७१ साली आईच्या लग्नात महाल भागातल्या एका सोनाराकडून केलेले गोठ आणि पाटल्या, दोन्ही एकाच बिलावर, आईनं ते पिवळं पडलेलं बिल डब्यात जपून ठेवलं होतं. गोठ भावाकडे गेले, पाटल्या माझ्याकडे. आणि आजीच्या सात-सात हिऱ्यांच्या कुड्या, त्या आईनं मलाच द्यायच्या असं आधीपासून सांगून ठेवलेलं. मुलीची हॉस्टेलची आणि कॉलेजची फी एकदम भरायची होती, लोन काढायचं नव्हतं, म्हणून विकायचं ठरवलं. कुड्या विकायला मन होत नव्हतं खरं सांगते, पण वाटलं आई असती तर नातीच्या शिक्षणासाठी तिनंच काढून दिल्या असत्या.

बिलावर पाटल्या ४ तोळे. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, आता बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, हा फरक आधी डोक्यात घ्या कारण जुन्या बिलावरचे ४ तोळे म्हणजे ४० ग्रॅम नाही, साडेसेहेचाळीसच्या वर. घरच्या डिजिटल काट्यावर ४६ ग्रॅम भरल्या, इतक्या वर्षांत थोडं झिजलं असेल. मुलीनं सहज म्हणून कुड्यांचे मोबाइलवर अगदी जवळून फोटो काढले, आजीची आठवण म्हणून. ते फोटो पुढे किती कामाला आले ते सांगतेच.

मे महिना, दुपारी दीड वाजता मी इतवारीत गेले, एकटी. ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलेलं दुकान, सराफ्याच्या आतल्या गल्लीत. बाहेर ऊन असं की डोळे उघडत नव्हते, आत एसी, गेल्या गेल्या मठ्ठा आला. 'ताई बसा न, टेन्शन घेऊ नका, आईच्या वस्तू आहेत मी समजू शकतो.' इतकं गोड बोलला की मी पर्स उघडून सगळंच काउंटरवर ठेवलं.

पहिले वजन. काट्यावर ४४.३१० आलं. मी म्हटलं घरी ४६ होतं, तो म्हणाला ताई तो किचनचा काटा, हा सोन्याचा. मला पटलं. पण आता कळतं की वजन करण्याआधी पल्ला रिकामा आहे का, त्यावर ०.००० आहे का हे मी बघितलंच नाही, आणि पाटल्या उचलल्यावर परत शून्य आलं की नाही तेही नाही. पल्ल्यावर आधीच काही छोटं ठेवून शून्य केलं आणि ते हळूच उचललं तर तेवढं वजन कमीच दाखवणार, आणि माल काढल्यावर काटा मायनसमध्ये जाणार. माझ्या वेळी असंच झालं असं मी शपथेवर नाही सांगू शकत, पण पावणेदोन ग्रॅम कुठं गेलं? वरून एसीचा झोत सरळ काट्यावर, आकडे नुसते हलून राहिले होते, तेही मला खटकायला पाहिजे होतं. काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो, तो बघायचा, हे मला माहीत पण नव्हतं.

मग मशीनवर टंच काढला. एक्सआरएफ म्हणतात त्या मशीनला, वस्तू न तोडता सोनं किती टक्के ते स्क्रीनवर येतं. ८७ आलं. २२ कॅरेट म्हणजे ९१.६. मी म्हटलं आमच्याकडे सगळं २२ चंच केलेलं आहे, तर म्हणे झाळ (सांधे जोडायला लावतात तो कमी टंचाचा धातू) असते ना ताई, मशीन फक्त वरचं वाचते, आतलं कळायला गाळावंच लागेल. यातली अर्धी गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच माणूस फसतो, मशीन खरंच फक्त वरचा थर वाचते. पण म्हणून तर एकाच वस्तूवर तीन-चार ठिकाणी रीडिंग घ्यायचं असतं, त्यानं एकदाच घेतलं, तेही नेमकं सांध्यावर.

वर म्हणे हॉलमार्क नाही, तर सरकारी नियमानं असंही कमीच भाव लागतो. हे साफ खोटं आहे! हॉलमार्कची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं आली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांच्या एचयूआयडीशिवाय, म्हणजे दागिन्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकाशिवाय, दागिना विकता येत नाही, पण हे सगळं ज्वेलरनं गिऱ्हाइकाला विकण्याबद्दल आहे. आपल्या घरातलं जुनं बिनहॉलमार्कचं सोनं आपण ज्वेलरला विकू शकतो, आणि त्याचा भाव त्यात जेवढं सोनं आहे त्यावर ठरतो, शिक्क्यावर नाही.

आणि इथं माझी सगळ्यात मोठी चूक. गाळायला मी हो म्हटलं. 'भट्टी मागं आहे, तिथं लई धूर न उकाडा, लेडीजला नाही नेत, पाच मिनिटं बसा.' पंचवीस मिनिटं लागली. नोकर एका वाटीत लगड, म्हणजे गाळलेल्या सोन्याचा गोळा, घेऊन आला, पिवळी, गरमच होती अजून. वजन ४१.१८०. म्हणजे ३ ग्रॅमच्या वर कमी. मी विचारलं तर म्हणे मळ जळतो, झाळ जळते. परत मशीनवर धरली, ८३.२. गाळायच्या आधी ८७ आणि नंतर ८३! मी म्हटलं असं कसं, तर म्हणे जुने सोनार असंच करायचे ताई, वरून छान न आतून भेसळ, आईंना पण फसवलं असेल. ज्या सोनारानं आमच्या घरच्या तीन पिढ्यांचं काम केलं त्याच्यावर याने ढकललं आणि मी तिथं खाली मान घालून ऐकून घेतलं, याचं मला अजून रडू येतं.

त्यावर आणखी ३ टक्के घट कापली. शेवटी हिशोबात शुद्ध सोनं धरलं ३३.२३ ग्रॅम, आणि भाव पण बोर्डावरचा नाही, 'मोडीचा भाव' म्हणून त्याच्याहून कमी. टंच काढल्यावर परत घट कापणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे कापणं आहे. लगड गाळून झाली, तिचा टंच निघाला, आता घट कशाची? पण तेव्हा पाटल्या राहिल्याच नव्हत्या. नको म्हणून उठायचं तरी काय घेऊन उठणार, हातात एक वेडावाकडा तुकडा. गाळून झालं की माणसाचं नाही म्हणायचं बळच जातं, आणि दुसऱ्या दुकानात नेलं तरी तेही त्याच लगडीचं वजन करणार न.

कुड्यांचं तर विचारूच नका. पेनसारखं एक मशीन असतं, खड्यावर टोक टेकवलं की हिरा असला तर वाजतं, कारण हिऱ्यातून उष्णता फार पटकन जाते. त्यानं टेकवलं, वाजलं नाही. दुसऱ्यावर, नाही. 'अमेरिकन डायमंड आहे ताई, काचेहून बरा एवढंच.' मग खडे काढून आणतो म्हणून पडद्यामागं गेला आणि येताना रिकामी घरं आणि चौदा खड्यांची कागदाची पुडी. 'हे तुमचे खडे, घेऊन जा, आम्हाला काय करायचे.' मला तेव्हा तो प्रामाणिक वाटला, खडे परत दिले म्हणून. खड्यांचे म्हणून वजनातून २ ग्रॅम कापले, उरलेलं तेवढं सोन्याचं धरलं.

बिल मागितलं तर म्हणे बिलावर ३ टक्के जीएसटी लागेल, तुमचंच नुकसान. हेही खोटं. आपण व्यापारी नाही, घरचं जुनं सोनं विकलं तर त्यावर जीएसटी लागत नाही, २०१७ मध्येच सरकारनं खुलासा केलाय. नवीन दागिना घेतला तर त्या नव्यावर ३ टक्के, ते वेगळं. त्यानं कॅश घ्या म्हणून खूप आग्रह केला, मी खात्यातच पाहिजे म्हणून अडून बसले, दिवसभरात एवढं एकच बरोबर केलं. एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त कॅश घेतली तर इन्कम टॅक्सचा दंड घेणाऱ्यावर बसतो, म्हणजे आपल्यावर, आणि दंड तेवढ्याच रकमेचा. पण खात्यात पैसे आले तरी वजन किती, टंच किती, खडे किती, याचा कागद काहीच नाही, एक कच्ची चिठ्ठी फक्त, त्यावर दुकानाचं नाव पण नाही.

मला शंका लहान भावामुळे आली. तो म्हणाला एकाच बिलातलं सोनं, मग माझे गोठ पण ८३ चे का? आम्ही गोठ घेऊन बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मान्यतेच्या हॉलमार्किंग सेंटरला गेलो. तिथं साधा माणूसही आपले दागिने तपासून घेऊ शकतो, चार नगांपर्यंत २०० रुपये न वर टॅक्स घेतला आमच्याकडून, लेखी रिपोर्ट दिला. ९१.४! मी तिथंच बाकावर बसले. तोच सोनार, तेच बिल, तोच महिना. पाटल्या त्याच सोन्याच्या धरल्या तर ४६ ग्रॅमचे शुद्ध ४२ च्या वर होतात, मला मिळाले ३३.२३ चे. पावणेनऊ ग्रॅम, म्हणजे जुना पाऊण तोळा शुद्ध सोनं.

नंतर चितार ओळीकडच्या एका म्हाताऱ्या कारागिराला विचारलं, भावाच्या मित्राचे काका. ते म्हणाले बाई, सोनं जळत नसते. १०६४ डिग्रीला वितळते, उडून जात नाही. त्यातली चांदी, तांबं पण एवढं कुठं जाणार? जळते ती लाख, मेण, मळ. पोकळ दागिन्यात लाख असते, बोरमाळेच्या मण्यात असते, तिथं वजन खरंच उतरते. भरीव पाटलीत ३ ग्रॅम? मुशीला, म्हणजे गाळायच्या भांड्याला, चिकटून राहिलं असेल, नाही तर आधी कापून घेतलं असेल, नाही तर लगडच दुसरी असेल. सोनाराच्या दुकानातला केर सुद्धा झारेकरी विकत घेऊन धुतात, एवढ्या कणाकणाची किंमत असते, आणि तुम्ही पंचवीस मिनिटं डोळ्यांआड सोडलं.

त्यांनी पुडी पण बघितली, भिंग लावून. खडे अमेरिकन डायमंडच होते. पण मुलीचे फोटो मोठे करून बघितले तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. जुन्या कटाच्या हिऱ्याला खाली टोक नसतं, बारीक सपाट भाग ठेवलेला असतो, वरून बघितलं की मधोमध छोटा गोल दिसतो. फोटोतल्या खड्यांत तो गोल दिसतो, पुडीतल्या एकातही नाही, सगळे एकसारखे टोकदार मशीनचे. शिवाय १९५२ च्या फोटोत आजीच्या कानात त्याच कुड्या आहेत, आणि अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिर्कोनिया विक्रीसाठी बनायला लागलं १९७६ पासून. मधे कधी खडे बदलले का, तर नाही, आईनं त्या कुड्या दुरुस्तीला सुद्धा दिल्या नव्हत्या. आणि वजन? चौदा खडे मिळून अर्धा ग्रॅमही भरले नाहीत, कापले होते २ ग्रॅम. हिऱ्याचा कॅरेट ०.२ ग्रॅमचा असतो, २ ग्रॅम म्हणजे १० कॅरेट, एवढे खडे कानात मावतील तरी का? हे गणित मी शाळेत पोरांना शिकवते आणि तिथं मला सुचलं नाही.

परत दुकानात गेलो, भाऊ सोबत होता, तेव्हा तोच माणूस ओळख दाखवेना. वकील म्हणाले तुम्ही विकणाऱ्या, विकत घेणाऱ्या नाही, ग्राहक आयोगात हे बसवणं अवघड आहे, पोलिसात जा. पोलिसांनी अर्ज घेतला, पहिला प्रश्न बिल आहे का. बँकेची एंट्री, फोटो, पुडी, भावाच्या गोठाचा रिपोर्ट, आईचं जुनं बिल, सगळ्याच्या झेरॉक्स लावल्यात. बघू काय होते ते.

मावशीला मी एकटी जाऊ दिलं नाही. काल सकाळीच गेलो, उन्हाआधी, आधी हॉलमार्किंग सेंटर, बोरमाळ ८९.६, रिपोर्ट हातात. लाखेचं वजन मात्र गाळल्याशिवाय कळत नाही, म्हणून गाळावंच लागणार होतं. दोन दुकानांनी समोर गाळायला नकार दिला, तिथून सरळ उठलो. तिसऱ्यानं हो म्हटलं. मावशी बासष्ट वर्षांची, दम्याची पेशंट, तिला पण म्हणाले काकू बाहेर बसा धूर होईल. ती पदर नाकाला लावून भट्टीसमोर स्टूल ओढून बसली, मी मोबाइलवर व्हिडिओ सुरू ठेवला, मुशीतून लगड निघून काट्यावर जाईपर्यंत दोघींनी नजर हलवली नाही. टंच ८९.४ आला, घट शून्य, बिलावर सगळं लिहून घेतलं आणि मग मावशी म्हणाली, चल आता पाणी पाज मला.